निळूभाऊंचा हळू आवाज

मेळाव्याचा निरोप द्यायला आपल्या बॅचच्या दोघांचे फोन आले. दोघांनीही तेच सांगितलं : स्मरणिकेला लेख दिलास तर छानच, पण रात्रीच्या कार्यक्रमात निळू फुल्यांची नक्कल करायला मात्र विसरू नकोस. वसतिगृहात जेवणाच्या रांगेत मी ती करायचो. डोळे अर्धे मिटून, मान किंचित वाकडी करून, घशातून खरखरीत आवाज काढायचो आणि मागे ताटं वाजायची. त्यावरून माझं नाव पाटील पडलं. पायात चप्पल नसलेल्या माडिया पोराला पाटील म्हणायचं, यातच निम्मी गंमत होती.

नक्कल करीन. पण त्याआधी, ज्यांची नक्कल मी इतकी वर्षं केली, त्या माणसाबद्दल थोडं लिहितो. मी त्यांना कधी भेटलो नाही. तरीही भाऊ-वहिनी आणि आपले शिक्षक सोडले, तर बाहेरच्या जगातल्या ज्या मोजक्या माणसांनी मला काही शिकवलं, त्यांत ते आहेत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आलापल्लीत. सातवी-आठवीत असेन. हेमलकशाहून साठेक किलोमीटर, मामाबरोबर बाजाराला गेलो होतो. एका मंडळाने भाड्याने व्हीसीआर आणून रात्री उघड्यावर 'सामना' लावला होता. माझं मराठी तेव्हा शाळेतलं, पुस्तकातलं. पडद्यावरची साखर कारखान्याच्या मुलखातली बोली निम्मीही कळत नव्हती. पण हिंदुराव धोंडे पाटील आला आणि मी मामाच्या अंगाला चिकटलो. तो ओरडत नव्हता, कोणाला मारत नव्हता. हळू बोलत होता आणि आजूबाजूची माणसं ते ऐकायला वाकत होती. असा माणूस मी आधी पाहिला होता. आजोबा डोक्यावरून चारोळी घेऊन बाजाराला जायचे आणि तितकंच मीठ घेऊन परत यायचे. तो सौदा करणारा व्यापारीसुद्धा कधी ओरडला नव्हता. आजोबा त्याच्यासमोर उभे असताना जमिनीकडेच बघायचे.

भाषा न कळताही मला तो पाटील कळला. नट किती मोठा होता, हे समजायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

निळू फुले, म्हणजे नीळकंठ कृष्णाजी फुले, यांचा जन्म 1930 सालचा, पुण्याचा. घर गरीब, भावंडं पुष्कळ. विशीच्या आत त्यांनी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळ्याची नोकरी धरली. पडद्यावर ज्याच्या वाड्यात शिरायला माणसं घाबरत, तो माणूस तरुणपणी साहेबांच्या बागेत खुरपं चालवत होता. स्वतःची रोपवाटिका काढावी, असं त्यांच्या मनात होतं. पैसा जमला नाही, रोपवाटिका झाली नाही. आपण सगळ्यांनी शाळेत वाफे केलेत, रोपांना पाणी घातलंय. माळीकाम करणाऱ्याला दिवसभर वाकून असावं लागतं आणि वरून चालत जाणारी माणसं त्याला नीट दिसतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मला वाटतं, मोठ्या माणसांचं चालणं, थांबणं, बोट न उचलता हुकूम सोडणं, हे त्यांनी तिथूनच टिपलं असावं.

दुसरी शाळा राष्ट्र सेवा दलाची. 1941 साली उभी राहिलेली ही संघटना, साने गुरुजींच्या प्रेरणेने वाढलेली. तिची कलापथकं गावोगाव जाऊन गाणी, वग, लोकनाट्यं करत. माळ्याच्या तुटपुंज्या पगारातला काही भाग निळूभाऊ सेवा दलाला देत. राम नगरकर हे त्यांचे तिथले सोबती. 1957 च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी त्यांनी 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हा वग लिहिला. पु. ल. देशपांड्यांच्या 'पुढारी पाहिजे'मध्ये त्यांना रोंग्याची भूमिका मिळाली आणि लोकांच्या नजरेत ते भरले. या कलापथकांत नाटक हे पोटापाण्याचं साधन नव्हतं. लोकांना हसवता हसवता विचार करायला लावायचं, एवढंच काम. पुढे नाव झालं, पैसा आला, तरी ही शिस्त त्यांनी सोडली नाही.

मग शंकर पाटलांचं लोकनाट्य 'कथा अकलेच्या कांद्याची' आलं आणि महाराष्ट्रभर गाजलं. त्यातूनच ते अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' या चित्रपटात गेले. साल 1968. म्हणजे पहिला सिनेमा वयाच्या 38 व्या वर्षी. ज्या वयात नायक म्हातारे होऊ लागतात, त्या वयात त्यांची सुरुवात झाली. चेहरा नायकाचा नव्हता, अंगकाठी पहिलवानी नव्हती, आवाज गोड नव्हता. सगळं नसलेलंच होतं आणि त्यातूनच त्यांनी आपलं घडवलं.

शाळा सुटल्यावर दोन हिवाळे मी झाडीपट्टीच्या नाटकांत किरकोळ कामं केली, हे काही जणांना माहीत आहे. धान कापून झालं की वडसा भागातल्या कंपन्या गावोगाव जातात, मंडईच्या रात्री नाटक पहाटेपर्यंत चालतं. तिथला खलनायक गरजतो, आणि गरजावंच लागतं, कारण हजारो माणसांत शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं. मीही गरजलो. तेव्हा ध्यानात आलं, की निळूभाऊंनी नेमकं उलटं केलं. त्यांनी आवाज खाली आणला. ज्याच्या हातात खरी सत्ता असते, त्याला ओरडायची गरज पडत नाही. तो कुजबुजला तरी गाव ऐकतं. मराठी पडद्यावरचा दुष्ट माणूस त्यांनी असा बदलून टाकला.

1972 साली विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' कमलाकर सारंगांनी रंगमंचावर आणलं. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना आपल्या अटींवर घरात ठेवणारा बुकबाइंडर सखाराम निळूभाऊंनी उभा केला. चंपा होत्या लालन सारंग. केवढा गदारोळ झाला! सेन्सॉरने प्रयोग रोखले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. लोकांना राग आला, कारण सखाराम राक्षस नव्हता. तो खरं बोलणारा, शिव्या देणारा, मधूनच कीव यावी असा माणूस होता. त्याच्यात आपलं काही दिसेल, ही भीती असावी.

त्यानंतर 'सामना'. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, लेखन तेंडुलकरांचं. एका बाजूला साखरसम्राट हिंदुराव, दुसऱ्या बाजूला डॉ. श्रीराम लागूंचा दारूत बुडालेला मास्तर. गावातून नाहीसा झालेल्या मारुती कांबळे नावाच्या साध्या माणसाचं काय झालं, एवढं एकच तो मास्तर विचारत राहतो आणि त्या एका प्रश्नाने सगळं साम्राज्य हलतं. 1975 साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. 1979 च्या 'सिंहासन'मध्ये याच जब्बार पटेलांनी त्यांना पत्रकार दिगू टिपणीस केलं. खुर्चीसाठी चाललेला सगळा खेळ जवळून पाहणारा, सगळं कळूनही काही करू न शकणारा हा माणूस. त्याच डोळ्यांत आता दरारा नाही, थकवा आहे. हिंदुराव आणि दिगू एकामागोमाग एक बघा, म्हणजे नट कशाला म्हणतात ते कळेल. जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त' नाटकात तर ते सत्तेवर बसलेल्या मुलाविरुद्ध उभे राहणारे गांधीवादी बाप, अप्पाजी झाले. हिंदीत 'सारांश'मधला पुढारी गजानन चित्रे, 'कुली', 'मशाल' अशा भूमिका झाल्या. 1991 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

लोकांनी मात्र त्यांना पाटील, सरपंच, चेअरमन म्हणूनच लक्षात ठेवलं. खेड्यापाड्यांत बायका त्यांना पाहून पदर सावरत, बोटं मोडत, असं सांगतात. आणि हा माणूस घरी कसा होता? साधा, वाचणारा, समाजवादी विचारांचा, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीला साथ देणारा. डॉ. लागू, डॉ. नरेंद्र दाभोलकर अशा मंडळींबरोबर त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी काम केलं. अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग नामवंत कलाकारांनी गावोगाव केले, त्यांत तेही होते. त्या पैशांतून पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन द्यायचं, अशी ती योजना. वीज नाही, रस्ता नाही, अशा ठिकाणी 1973 पासून उभी राहिलेली कामं आपण आतून पाहिली आहेत. अशा कामातली माणसंही जेवतात, त्यांच्याही मुलांना वह्या लागतात, हे बाहेर कोणाच्या तरी लक्षात आलं, याचं मोल आपल्याला जास्त कळावं.

आता माझ्या नकलेचं सांगतो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पुढे मला नोकरी लागली. तालुक्याच्या एका कचेरीत टेबल, खुर्ची, शिक्का. घरात आनंद झाला. आजोबा नव्हते, पण आजीने खुर्चीची चौकशी केली, तिला हात आहेत का म्हणून. दोन-तीन वर्षांत मी चांगला रुळलो. पावसाळ्याच्या तोंडाला एक म्हातारा माडिया दाखल्यासाठी आला. वीस किलोमीटर चालून आला होता, पाय चिखलाने भरलेले. एक कागद कमी होता. मी मान वर न करता, हळू आवाजात, शब्द लांबवत त्याला उद्या यायला सांगितलं. तेही मराठीत. माडियात बोलायला मला काय झालं होतं, देव जाणे. तो काही न बोलता निघून गेला. शेजारच्या टेबलावरचा हसला. पाटलांचा आवाज हुबेहूब काढता की, अशा अर्थाचं काही तरी म्हणाला. मी तेव्हा नक्कल करत नव्हतो.

त्या रात्री झोप लागली नाही. म्हातारा दुसऱ्या दिवशी आला नाही, त्या आठवड्यातही आला नाही. पुढच्या रविवारी कोरा अर्ज आणि शिक्का घेऊन मी त्याच्या गावी गेलो. त्याने खाट टाकली, पाणी दिलं. मी माडियात बोललो, चूक कबूल केली, अर्ज तिथेच भरला. त्याने अंगठा उमटवला. पण मी निघेपर्यंत त्याने माझ्याकडे नजर वर करून पाहिलं नाही. आजोबांसारखाच जमिनीकडे बघत राहिला. दाखला त्याला मिळाला. ती नजर मात्र मला परत मिळवता आली नाही.

13 जुलै 2009 ला निळूभाऊ पुण्यात कर्करोगाने गेले. आपल्याकडे पूर होता, पेपर चार दिवसांनी एकदम आला. कचेरीतच ती बातमी वाचली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचा 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक, हेही नंतर कळलं. शेवटपर्यंत त्यांचं लक्ष खाली, वाकलेल्या माणसाकडेच होतं. आयुष्यभर त्यांनी वरच्या माणसाचं सोंग घेतलं, ते खालच्या माणसाला त्याची ओळख पटावी म्हणून. आणि खालून वर आलेल्या माझ्यासारख्याला ते सोंग नकळत अंगाला चिकटलं. दोष नटाचा नाही. आरसा त्यांनी धरला होता, बघायचं काम माझं होतं.

आपल्यातले बरेच जण आज कुठल्या ना कुठल्या खुर्चीवर आहेत. कोणी शिक्षक, कोणी पोलिसात, कोणी दवाखान्यात, कोणी वनखात्यात. ज्या खुर्च्यांना आपले आई-बाप घाबरायचे, त्याच या खुर्च्या. म्हणून हे लिहिलं.

तर मेळाव्याच्या रात्री नक्कल करीन. हिंदुरावाची करीन, ताटं वाजवा. पण त्याच्या पाठोपाठ दिगू टिपणीसचीही करणार आहे, ती कोणी मागितली नसली तरी. आणि दोन्हींच्या मध्ये, त्या म्हाताऱ्याशी पहिल्याच दिवशी ज्या आवाजात बोलायला हवं होतं, त्या माझ्या स्वतःच्या आवाजात, माडियात तुम्हाला सगळ्यांना जोहार म्हणेन.