कै. दादासाहेब खापर्डे : वकिलीचा उत्कर्ष आणि विश्वस्ताचे ऋण

वऱ्हाड प्रांताच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास पाहू गेल्यास तो बऱ्याच अंशी तेथील वकीलमंडळींचाच इतिहास आहे, असे आढळून येते. 1853 च्या तहाने हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि 1903 साली तो मध्यप्रांताला जोडण्यात आला. या अर्धशतकात आगगाडी आली, कापसाच्या व्यापाराने अमरावती व अकोला येथे पैसा खेळू लागला, आणि पैशाच्या पाठोपाठ गहाणखते, वतने, वाटण्या व दत्तकविधाने यांचे तंटेही कोर्टाच्या पायरीशी येऊन उभे राहिले. नव्या कायद्याची भाषा जाणणारा वकील हा त्या काळी सरकार आणि रयत यांच्यामधला दुभाषीच होता. अशा वकिलांत ज्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते, त्या कै. गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे यांचे चरित्र आपल्या सभासद कुटुंबांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. आपल्या घरांतील अनेक मुले-मुली आज वकिलीकडे वळत आहेत. त्यांना या चरित्रात चिंतनास पुष्कळ विषय सापडतील.

दादासाहेबांचा जन्म 27 ऑगस्ट 1854 रोजी वऱ्हाडात झाला. वडिलांनी गरिबीतून वर येऊन सरकारी नोकरीत मामलेदारीपर्यंत मजल मारली होती. उच्च शिक्षणासाठी दादासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेले आणि 1877 साली पदवीधर झाले. संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही वाङ्मयांची गोडी त्यांना तेथे लागली व ती अखेरपर्यंत टिकली. 1884 साली कायद्याची पदवी घेऊन त्यांनी अमरावतीस वकिलीचा श्रीगणेशा केला. पुढे काही वर्षे त्यांनी सरकारी न्यायखात्यात व मुलकी खात्यात अधिकारपदावर काम केले; परंतु 1890 च्या सुमारास ती नोकरी सोडून ते पुन्हा वकिलीकडे वळले. न्यायासनावरून दिसणारी कोर्टाची बाजू त्यांना ठाऊक झाली होती, आणि पुढील व्यवसायात या अनुभवाचा त्यांना फार उपयोग झाला.

लवकरच त्यांची गणना वऱ्हाडातील अग्रगण्य वकिलांत होऊ लागली. भरभराटीच्या काळात त्यांची वार्षिक प्राप्ती नव्वद हजारांच्या पुढे गेली होती, असे सांगितले जाते. तो काळ लक्षात घेता हा आकडा एखाद्या संस्थानिकाला शोभावा असा होता, आणि दादासाहेबांचे राहणेही तसेच ऐसपैस होते. आप्त, आश्रित, विद्यार्थी, पक्षकार आणि पाहुणे यांची त्यांच्या वाड्यात सदैव वर्दळ असे. तबेल्यात घोडे होते, दारात गाड्या होत्या, आणि पंगतीला किती पाने मांडावयाची याचा अंदाज सकाळी करता येत नसे. हा सारा डोलारा सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या कष्टांची नोंद केल्याशिवाय हे चरित्र पुरे होणार नाही. थोर पुरुषांचे औदार्य पुष्कळदा स्वयंपाकघरातील चुलीच्या बळावर उभे असते.

त्याच अमरावतीत रावबहादूर रंगनाथ नरसिंह मुधोळकर आणि मोरोपंत जोशी हे दोन नामांकित वकीलही काम करीत होते. 1897 च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीस भरले. सर शंकरन् नायर अध्यक्ष होते आणि स्वागताध्यक्षपदाचा मान दादासाहेबांना मिळाला. पुढे राजकारणात या वकिलांच्या वाटा फुटल्या. दादासाहेब लोकमान्य टिळकांचे निष्ठावंत अनुयायी झाले, तर मुधोळकर व जोशी नेमस्त पक्षात राहिले. मुधोळकर तर 1912 साली बांकीपूर येथील राष्ट्रसभेचे अध्यक्ष झाले. 1907 साली सुरतेस राष्ट्रसभा दुभंगली तेव्हाही हे सारे एकाच गावचे वकील होते. सभेत टोकाचा विरोध करावा आणि दुसऱ्या दिवशी एकाच कोर्टात शेजारच्या खुर्चीवर बसावे, हा वकिली पेशाचा संयम त्या पिढीला अंगवळणी पडला होता.

दादासाहेबांच्या आयुष्यातील खरी कसोटी मात्र एका मृत्युपत्रातून उद्भवली. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित 1897 च्या ऑगस्टमध्ये वारले. मृत्युपत्रान्वये त्यांनी ज्यांना विश्वस्त नेमले होते, त्यांत लोकमान्यांबरोबर दादासाहेबही होते. बाबामहाराजांच्या मागे तरुण पत्नी ताईमहाराज होत्या. त्यांना झालेला मुलगा थोड्याच दिवसांत दगावला आणि दत्तक घेण्याचा प्रश्न उभा राहिला. 1901 च्या जूनमध्ये औरंगाबाद येथे घराण्याच्या निधोणे शाखेतील जगन्नाथ यास दत्तक घेण्यात आले. त्या प्रसंगी लोकमान्य व दादासाहेब दोघेही हजर होते. परंतु पुढे ताईमहाराजांचे मन फिरले, त्यांनी कोल्हापूरकडील मुलगा दत्तक घेतला, आणि औरंगाबादचा विधी झालाच नाही असा पवित्रा घेण्यात आला. त्यातून दिवाणी व फौजदारी अशा दोन्ही प्रकारच्या खटल्यांची मालिका सुरू झाली. लोकमान्यांना खालच्या कोर्टात शिक्षा झाली. 1904 साली हायकोर्टाने ती रद्द केली. दिवाणी दावा तर चौदा वर्षे रेंगाळला.

या विश्वस्तपणातून दादासाहेबांना मिळकत काहीच नव्हती. मनस्ताप मात्र उदंड होता. दुसऱ्यांच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेण्यात ज्याचा हातखंडा, त्यालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून आपल्या शब्दाची पारख करून घ्यावी लागली. हात झटकून मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते. परंतु मृताने टाकलेला विश्वास हे फेडावयाचे ऋण आहे, अशीच त्यांची वागणूक राहिली.

इतक्यात 1908 साल उजाडले. लोकमान्यांना राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस पाठविण्यात आले. त्यांच्या वतीने प्रिव्ही कौन्सिलपुढे दाद मागण्यासाठी दादासाहेब त्याच वर्षी विलायतेस गेले आणि 1910 पर्यंत तेथे राहिले. प्रिव्ही कौन्सिलने अपील करण्याची परवानगी नाकारली. इतर खटपटींनाही यश आले नाही. परतताना ब्रह्मदेशात उतरून त्यांनी मंडालेच्या तुरुंगात आपल्या मित्राची भेट घेतली आणि रिकाम्या हातांनी अमरावती गाठली.

वकिलाची कचेरी ही त्या काळी एका व्यक्तीवर उभी असे. पक्षकार येतो तो त्या माणसाकडे. माणूस दोन वर्षे परदेशी राहिला की पक्षकाराला दुसरे दार शोधावेच लागते. खर्च मात्र थांबत नाही. त्यातच 1910 साली मुंबई हायकोर्टाने ताईमहाराज प्रकरणाचा निकाल विरुद्ध दिला आणि औरंगाबादच्या दत्तकविधानाविषयीची लोकमान्यांची व दादासाहेबांची हकीकत अविश्वसनीय ठरविली. वकिलाच्या शब्दावर न्यायासनाने अविश्वास दाखवावा, याहून मोठे नुकसान त्याच्या दृष्टीने कोणते असणार? याच खडतर काळात 1911 च्या डिसेंबरात ते शिर्डीस श्रीसाईबाबांच्या सान्निध्यात जाऊन काही महिने राहिले. दैनंदिनी लिहिण्याची त्यांना अनेक वर्षांची सवय होती. शिर्डीतील मुक्कामाची त्यांची रोजनिशी पुढे प्रसिद्ध झाली व ती भाविकांत आजही वाचली जाते.

अखेर 1915 च्या मार्चमध्ये प्रिव्ही कौन्सिलने हायकोर्टाचा निकाल फिरविला, जगन्नाथमहाराजांचे दत्तकविधान ग्राह्य धरले आणि विश्वस्तांच्या सचोटीवरील किटाळ दूर केले. ज्या न्यायपीठाने काही वर्षांपूर्वी दार बंद केले होते, त्यानेच ही भरपाई करावी, हा योगायोग विलक्षण खराच. त्यानंतर दादासाहेबांनी होमरूल चळवळीत पुढाकार घेतला. 1920 साली लोकमान्य निवर्तल्यावर असहकारितेचा कार्यक्रम पुढे आला. त्यात वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार घालावा असे एक कलम होते. दादासाहेबांना तो मार्ग पटला नाही आणि लोकप्रवाहाविरुद्ध जाण्यास ते कचरले नाहीत. ते कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये निवडून गेले. 1 जुलै 1938 रोजी त्यांचे देहावसान झाले.

आज वकिलीचे स्वरूप पालटले आहे. नागपूरच्या हायकोर्टाची जागा मुंबई हायकोर्टाच्या खंडपीठाने घेतली, 1961 च्या अधिवक्ता कायद्याने पेशाला नवी चौकट दिली, संगणकावरून दावे दाखल होऊ लागले, आणि अनेक वकील मिळून भागीदारीत कचेरी चालवू लागले. एका माणसाच्या गैरहजेरीने सारे काम अडू नये, यासाठी ही भागीदारी निश्चितच उपकारक आहे. दादासाहेबांच्या उदाहरणावरून हे व्यवहारज्ञान तरुणांनी अवश्य घ्यावे : हाताखालच्या कनिष्ठ वकिलांना तयार करावे, त्यांना वेळेवर मोबदला द्यावा, प्रत्येक दिवसाची नोंद ठेवावी, आणि प्राप्ती भरपूर असतानाच पडत्या काळाची तजवीज करावी. पक्षकाराच्या पैशाचा चोख हिशेब ठेवण्याचे आणि निकालावर अवलंबून फी न ठरविण्याचे बंधन आजच्या नियमांनीही घातलेले आहे.

परंतु व्यवहारज्ञानापलीकडेही एक गोष्ट उरते. दादासाहेबांची मिळकत, घोडे, गाड्या आणि पंगती काळाच्या ओघात गेल्या. एका मृताच्या इच्छेसाठी आणि एका बंदिवान मित्रासाठी त्यांनी जे सोसले, ते मात्र त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. आपल्या घरातील जो मुलगा अथवा जी मुलगी उद्या पहिल्यांदा काळा कोट अंगावर चढवील, तिच्या वा त्याच्या हाती वडिलधाऱ्यांनी हे चरित्र आवर्जून द्यावे, एवढीच नम्र विनंती.