रेव्हरंड टिळकांचे दुसरे बंड

नारायण वामन टिळकांना शालेय पुस्तकांनी फुलामुलांचे कवी म्हणून जपले आणि त्यांच्या आयुष्यातील खरा पेच बाजूस पडला. धर्मांतर हा तो पेच नव्हे. धर्म बदलल्यावरही ते नव्या धर्माच्या चौकटीत मावले नाहीत, हा आहे.

कोकणातील करजगावी १८६१ साली जन्मलेले टिळक संस्कृतच्या व्यासंगाच्या बळावर १८९१ च्या सुमारास नागपुरास आले. आप्पासाहेब बुटी या धनिकाने त्यांना संस्कृत ग्रंथांच्या कामावर नेमले. आज गांधीबागेच्या कापडबाजारातील गर्दीत शिरणाऱ्यास या शहरातील श्रीमंतीने असाही व्यासंग पोसला होता, याची कल्पना येणे कठीण! जातिभेदावरून टिळकांचे मन आधीच उडाले होते. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

जातीने त्यांना टाकले. १८५० च्या कायद्याने धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क राखला होता खरा. पण पंगत आणि सोयरीक यांवर कायद्याची मात्रा चालत नाही. पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे आप्तांच्या आश्रयाने दूर राहिल्या. पुढे त्या नगरास आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळूनच. टिळकांनी ते सांभाळू दिले. ज्या काळी पतीचा शब्द हाच पत्नीचा धर्म मानला जाई, त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने.

मिशनशीही त्यांचे सूर पूर्णपणे जुळले नाहीत. ख्रिस्त मराठी माणसास साहेबी वेषात भेटावा, हे त्यांस मान्य नव्हते. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत आणि उपासनेसाठी अभंग व पदे रचीत. अखेर १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांइतकेच न घेतलेल्यांनाही स्थान होते. ज्या विधीसाठी त्यांनी घरदार पणास लावले, तोच त्यांनी इतरांसाठी ऐच्छिक ठरविला! आमच्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत धाडसाचे पाऊल हे होय. १८९५ चे नव्हे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.