कवटीच्या साक्षीने जुळलेली मैत्री

१९३०चे दशक. लंडनमधल्या एका हॉटेलात जेवणे आटोपली आहेत आणि दालनातले दिवे मालवले आहेत. दार उघडते आणि मेणबत्त्या घेतलेल्या माणसांची एक मिरवणूक गंभीरपणे आत येते. कुणाच्या हातात शस्त्र आहे, तर एकाने उशीवर ठेवलेली मानवी कवटी तोलून धरली आहे. कवटीच्या खोबणीत बसवलेले दिवे पेटतात आणि तिचे डोळे लाल होतात. एक नवखा सदस्य तिच्यावर हात ठेवून शपथ घेतो.

हा कुठल्या गुप्त राजकीय कटाचा प्रसंग नव्हता. जमलेली सारी मंडळी रहस्यकथा लिहिणारी होती आणि त्यांच्या संस्थेचे नाव होते ‘डिटेक्शन क्लब’. या अद्भुत सोहळ्याची संहिता मुख्यत्वे रचली होती डोरोथी एल. सेयर्स यांनी. लॉर्ड पीटर विम्सी या उमराव गुप्तहेराच्या निर्मात्या म्हणून त्यांचे नाव जगभर पोहोचले होते. रहस्य उलगडण्याचा व्यवसाय करणाऱ्या या मित्रमेळ्यात डोरोथीबाई जवळजवळ तीन दशके वावरल्या. मात्र त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे रहस्य त्यांच्या हयातीत जवळच्या मित्रमैत्रिणींनाही कळले नाही.

डोरोथी यांचा जन्म १३ जून १८९३ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. मुलगी चार वर्षांची असताना हे कुटुंब इंग्लंडच्या पूर्वेकडील पाणथळ ‘फेन्स’ प्रदेशातील ब्लंटिशम या गावी राहायला गेले. तिथले सपाट शिवार, पुराचे पाणी आणि चर्चच्या घंटा पुढे ‘द नाइन टेलर्स’ या कादंबरीत अवतरल्या. एकुलती एक, बुद्धिमान आणि पुस्तकांत रमणारी ही मुलगी मोठ्या माणसांत वाढली. बरोबरीच्या सवंगड्यांची तिची भूक खऱ्या अर्थाने भागली ती १९१२ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात पाऊल ठेवल्यावर.

तिथे डोरोथी आणि मैत्रिणींनी एकमेकींचे लेखन वाचण्यासाठी एक मंडळ काढले. आपल्याला लोक ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ म्हणून हिणवणारच, मग ते बिरुद आपणच का लावून घेऊ नये, असा विचार करून डोरोथी यांनी त्याला ‘परस्पर प्रशंसा मंडळ’ अशा अर्थाचे नाव दिले. नाव थट्टेचे असले तरी तिथली टीका परखड असे. १९१५ मध्ये त्या आधुनिक भाषांच्या परीक्षेत प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्या. स्त्रियांना पदवी देण्यास ऑक्सफर्ड तेव्हा तयार नव्हते. त्यासाठी त्यांना १९२० पर्यंत थांबावे लागले. लॉर्ड पीटरची पहिली कादंबरी ‘हूज बॉडी?’ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही मंडळातील म्युरिएल येगर या मैत्रिणीच्या आग्रहामुळे. पुस्तक अर्पणही तिलाच केलेले आहे.

त्याआधी वर्षभर डोरोथी यांनी लंडनच्या ‘बेन्सन्स’ या जाहिरातसंस्थेत नोकरी धरली होती. या नोकरीत त्यांनी मोहरीच्या आणि बिअरच्या जाहिरातीही लिहिल्या. याच काळात त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. ३ जानेवारी १९२४ रोजी, अविवाहित असताना, त्यांनी एका मुलाला जन्म दिला. कचेरीत आजारपणाचे कारण सांगून त्यांनी रजा घेतली होती. वृद्ध आईवडिलांना तर अखेरपर्यंत काहीच कळले नाही. आयव्ही श्रिम्प्टन ही त्यांची मावसबहीण दुसऱ्यांची मुले सांभाळत असे. एका मैत्रिणीचे मूल ठेवून घेशील का, असे डोरोथी यांनी तिला आधी पत्राने विचारले. ती मैत्रीण म्हणजे आपणच, हे सत्य त्यांनी नंतर सांगितले. जॉन अँथनी नावाचा हा मुलगा आयव्हीकडेच वाढला. १९२६ मध्ये डोरोथी यांचा मॅक फ्लेमिंग या पत्रकाराशी विवाह झाला. मुलाला पुढे फ्लेमिंग हे आडनाव मिळाले, पण आईच्या घरी राहण्याचा योग आला नाही. दरमहा पैसे आणि पत्रे मात्र जात राहिली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ॲगाथा ख्रिस्ती अचानक नाहीशा झाल्या आणि सारे इंग्लंड त्यांचा शोध घेऊ लागले. डोरोथीबाईंनीही एका दैनिकात या प्रकरणावर तर्क मांडणारा लेख लिहिला. अकरा दिवसांनी ख्रिस्ती हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडल्या. आई वारलेली, संसार मोडण्याच्या बेतात आलेला आणि ते दुःख वर्तमानपत्रांच्या मथळ्यांवर टांगलेले, अशी त्यांची अवस्था होती. ख्रिस्ती यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रातही त्या दिवसांविषयी अवाक्षर काढले नाही. एका लेखिकेचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर येते तेव्हा काय होते, हे डोरोथी यांनी इतक्या जवळून पाहिले होते.

या दोघी पुढे एकाच मेजावर जेवू लागल्या, त्याचे श्रेय अँथनी बर्कली यांना जाते. १९२८च्या सुमारास त्यांनी आपल्या घरी रहस्यकथाकारांना जेवायला बोलावण्याचा प्रघात पाडला. लेखनाचा धंदा मुळातच एकट्याचा, त्यात रहस्यकथाकार अधिकच एकटा. कथानकात अडला तर विचारणार कुणाला? ज्याला विचारावे तो वाचक म्हणून बाद होतो. शिवाय साहित्याच्या दरबारात या प्रकाराला मानाचे पान नव्हते. या जेवणावळींतूनच १९३० मध्ये क्लबची रीतसर स्थापना झाली. ‘फादर ब्राउन’चे जनक जी. के. चेस्टरटन पहिले अध्यक्ष झाले. ख्रिस्ती, रोनाल्ड नॉक्स, फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स आणि ई. सी. बेंटली यांच्यासारखी मंडळी सदस्य होती.

शपथेत थट्टा होती, पण तिच्या पोटात व्यवसायाची नीती होती. आपला गुप्तहेर बुद्धीच्याच बळावर गुन्ह्याचा छडा लावील. दैवी साक्षात्कार, योगायोग किंवा अंतर्ज्ञान यांचा आधार घेणार नाही. महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवणार नाही. भुते आणि गुप्त दरवाजे यांचा वापर बेतानेच करील आणि शास्त्राला अज्ञात विषे कायमची वर्ज्य मानील, असे वचन नव्या सदस्याकडून घेतले जाई. खरे तर हे सारे परस्परांचे स्पर्धक होते. तरीही खेळाचे नियम त्यांनी एकत्र बसून ठरवले आणि या स्पर्धेतूनच त्यांचा स्नेह जुळत गेला.

त्याचे फळ म्हणजे १९३१ मधील ‘द फ्लोटिंग ॲडमिरल’ ही कादंबरी. प्रत्येकाने एकेक प्रकरण लिहायचे, आधीच्या लेखकांनी मांडून ठेवलेले सगळे धागे स्वीकारायचे आणि आपल्या मनातली उकल स्वतंत्रपणे लिहून द्यायची, अशी अट होती. अखेरचा गुंता सोडवण्याचे काम बर्कली यांच्या वाट्याला आले. १९३३ मधील ‘आस्क अ पोलीसमन’मध्ये तर लेखकांनी एकमेकांचे गुप्तहेरच बदलून घेतले. बर्कली यांनी लॉर्ड पीटर चितारला आणि डोरोथी यांनी बर्कलींचा रॉजर शेरिंगहॅम. आपले लाडके पात्र दुसऱ्याच्या हाती चेष्टेसाठी सोपवायला मोठा विश्वास लागतो. अशा संयुक्त उपक्रमांच्या कमाईतून सोहो भागातील जेरार्ड स्ट्रीटवर क्लबसाठी जागा भाड्याने घेण्यात आली.

देवाणघेवाण इतकीच नव्हती. ‘हॅव हिज कार्कस’ या कादंबरीतील किचकट सांकेतिक लिपीसाठी जॉन र्‍होड यांनी साहाय्य केले. कवटीत दिवे बसवण्याची करामतही त्यांचीच. १९३३ ते १९३५ या काळात डोरोथी ‘संडे टाइम्स’मध्ये रहस्यकथांची परीक्षणे लिहीत. तिथे त्यांनी ढिसाळ भाषेची आणि कच्च्या तर्काची गय केली नाही. मैत्री आहे म्हणून सवलत नाही, हा सॉमरव्हिलचा संस्कार त्यांनी सोडला नव्हता. आग्रही आणि फटकळ स्वभावाच्या बर्कली यांच्याशी त्यांचे खटके उडत, तरी क्लब टिकला.

१९३७ नंतर त्यांनी लॉर्ड पीटरची नवी कादंबरी पूर्ण केली नाही. धार्मिक नाटके आणि दान्तेचे भाषांतर यांनी त्यांना व्यापून टाकले. रहस्यकथा मागे पडली, पण रहस्यकथाकार मित्र मागे पडले नाहीत. १९४९ मध्ये त्या क्लबच्या अध्यक्ष झाल्या आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिल्या. १७ डिसेंबर १९५७ रोजी, नाताळची खरेदी करून लंडनहून परतल्यावर, विदम येथील राहत्या घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

मग मृत्युपत्र उघडले गेले. सारी मालमत्ता जॉन अँथनी या मुलाच्या नावे होती. डोरोथीबाईंना एक मुलगा आहे, हे त्यांच्या मित्रमंडळींना त्या दिवसांत प्रथमच उमगले. सर्वसामान्य वाचकांना ते कळायला १९७५ साल उजाडले. पुस्तकातला एकही धागा वाचकापासून न लपवण्याची शपथ इतरांना देणाऱ्या या बाईंनी स्वतःच्या आयुष्याचा सर्वांत महत्त्वाचा धागा तेहतीस वर्षे लपवून ठेवला होता. त्या काळी अविवाहित मातेला समाज काय वागणूक देई, हे ध्यानात घेतले तर त्यांना दोष देणे कठीण आहे. पण मित्रांच्या गराड्यात राहून हे ओझे एकटीने वाहताना, आणि त्या मुलाला आईपासून दूर वाढताना, काय सोसावे लागले असेल?

क्लबचे अध्यक्षपद त्यांच्यानंतर ॲगाथा ख्रिस्ती यांच्याकडे आले. भाषणे दुसऱ्या कुणीतरी करावीत, या अटीवर त्यांनी ते स्वीकारले. आपल्या अकरा दिवसांविषयी मौन पाळणारी लेखिका आता तेहतीस वर्षांचे मौन पाळलेल्या लेखिकेच्या जागी बसली. डिटेक्शन क्लब आजही चालू आहे. नवा सदस्य आजही त्याच कवटीवर हात ठेवतो आणि वाचकापासून काही लपवणार नाही, असे वचन देतो. मित्रांपासून काय लपवावे, याविषयी मात्र त्या शपथेत पहिल्यापासूनच एकही कलम नाही.