खिळ्यांचे शिल्पकार : जावजी दादाजी

आम्हा बारामतीकरांना मोरोपंत ठाऊक असतात. पण त्यांचे काव्य छापून घरोघर पोहोचविणाऱ्या 'निर्णयसागर' छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी क्वचितच आठवतात. म्हणून त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत, असे मला वाटते.

जावजींचा जन्म १८३९ साली मुंबईत, गरीब घरात झाला. शिक्षण जेमतेम. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. तेथे टॉमस ग्रॅहम देवनागरी खिळे तयार करीत. रोमन लिपीला अक्षरे मोजकी. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून खिळे शेकड्यांनी लागत. जोडाक्षराचा अखंड खिळा ओतावा, की तुकडे ओतून ते जुळवावेत, हा पेच होता. अखंड खिळे फार झाले की जुळारी गोंधळतो. तुकडे फार झाले की अक्षराचा घाट बिघडतो.

१८६४ साली जावजींनी खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ साली छापखाना. राणोजी रावजी आरू या कसबी कारागिराच्या साथीने त्यांनी सुबक, वळणदार अक्षर घडविले. १८८६ पासून त्यांच्या 'काव्यमाले'ने संस्कृत ग्रंथ प्रकाशात आणले. १८९२ साली ते वारले.

त्यांच्यापुढचा पेच पुढे संगणकापुढेही उभा राहिला. कोरियन लिपीत दोन-तीन वर्ण एका चौकोनात बसवून एक अक्षर होते. आरंभीची व्यंजने १९, स्वर २१ आणि शेवटची व्यंजने २७. शेवटी व्यंजन नसणे ही अठ्ठाविसावी शक्यता. गुणाकार केला की ११,१७२ अक्षरे होतात. युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीने १९९६ साली त्या सर्वांना ओळीने क्रमांक दिले. सुट्या वर्णांनाही वेगळे क्रमांक आहेतच. म्हणजे अखंड आणि तुकडे, दोन्ही!

देवनागरीने तुकड्यांची वाट धरली. 'क्ष' साठविताना संगणक क, हलन्ताचे चिन्ह आणि ष असे तीन क्रमांक ठेवतो. ते जोडून दाखविण्याचे काम अक्षरसंच म्हणजे फाँट आणि त्यामागची आज्ञावली करते. क्रमांक केवळ क्रम सांगतात. घाट माणसालाच घडवावा लागतो.

म्हणूनच मोरोपंतांच्या आर्येतले एखादे जोडाक्षर पडद्यावर तुटलेले दिसले, तर मी दोष लिपीला देत नाही. तेथे जावजींची चिकाटी आणि आरूंचा हात कमी पडलेला असतो.