उसन्या इंजिनांचा धनी

जुनी स्पोर्ट्स कार हौसेने सांभाळणाऱ्या माणसापुढे एक प्रश्न कधी ना कधी येऊन उभा राहतोच. मूळ इंजिन थकले आहे, सुटे भाग मिळत नाहीत आणि मालक तर वेगाला सोकावलेला आहे. मग बॉनेटखाली आता काय बसवायचे? अशा वेळी चार जाणकार जमतात आणि अश्वशक्तीचे आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकतात. नव्या इंजिनाचे वजन किती, ते पुढच्या चाकांवर किती येणार, गिअरबॉक्स ते सोसेल का, बॉनेट बंद होईल का, ही पुढची चौकशी. इंजिन देणारा कोण आणि तो उद्याही देईल का, हे मात्र बहुधा कोणी विचारत नाही.

हा शेवटचा प्रश्न डोनाल्ड हीलीला जन्मभर पुरला. ऑस्टिन-हीली या नावाची गाडी मोटारवेड्या मंडळींना माहीत असते, पण त्या नावातला हीली म्हणजे एक हाडामांसाचा माणूस होता आणि त्याने आपल्या नावाच्या गाडीत स्वतःचे म्हणावे असे इंजिन कधीच बसवले नाही, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. चौकट त्याची, रूप त्याच्या माणसांनी दिलेले, रस्त्यावरची पकड तर खास त्याची; इंजिन मात्र दर वेळी दुसऱ्याच्या दारातून मागून आणलेले.

३ जुलै १८९८ रोजी कॉर्नवॉलमधल्या पेरनपोर्थ या समुद्रकाठच्या गावी एका दुकानदाराच्या घरी तो जन्मला. सॉपविथच्या विमान कारखान्यात उमेदवारी केली, पहिल्या महायुद्धात वैमानिक झाला आणि आपल्याच बाजूच्या तोफांनी त्याचे विमान पाडले. युद्धानंतर गावी परतून त्याने गॅरेज काढले. पण त्याचे मन रमले ते शर्यतींत. १९३१ ची माँटे कार्लो रॅली त्याने इन्व्हिक्टा गाडीतून जिंकली. त्या गाडीचे साडेचार लिटरचे इंजिनही मेडोज नावाच्या कारखान्यातून विकत घेतलेले होते. लहान कंपन्या तेव्हा असेच करत. इंजिन ओतायला आणि घडवायला जे भांडवल लागते ते त्यांच्या आवाक्यातले नसते.

पुढे तो ट्रायम्फ कंपनीत तांत्रिक प्रमुख झाला. तिथे त्याने अल्फा रोमिओच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाचा आदर्श समोर ठेवून डोलोमाइट ही गाडी घडवली. १९३५ च्या माँटे कार्लो रॅलीत डेन्मार्कमधल्या एका रेल्वे फाटकावर आगगाडीने तिच्या चिंधड्या केल्या. हीली बचावला. १९३९ मध्ये ट्रायम्फ कर्जात बुडाली.

दुसरे महायुद्ध संपल्यावर, वयाच्या सत्तेचाळिशी-अठ्ठेचाळिशीत, बहुतेक माणसे निवृत्तीची वर्षे मोजू लागतात तेव्हा, या गृहस्थाने वॉरिक गावात स्वतःची मोटार कंपनी काढली. इंजिन रायलीचे, चार सिलिंडरचे, २४४३ सीसीचे, शंभराहून थोडी अधिक अश्वशक्ती देणारे. ते उत्तम होते. पण उंच आणि जड होते, आणि युद्धोत्तर इंग्लंडला डॉलर हवे होते. डॉलर अमेरिकेत होते आणि अमेरिकन गिऱ्हाइकाला दमदार इंजिन हवे होते.

१९४९ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकने नवे व्ही-आठ इंजिन बाजारात आणले: ५.४ लिटर, १६० अश्वशक्ती. ब्रिग्ज कनिंगहॅम या धनिक शर्यतपटूने हीलीच्या सिल्व्हरस्टोन गाडीत ते बसवूनही पाहिले. हीलीच्या डोळ्यांसमोर बहुधा तेव्हाच सगळे चित्र उभे राहिले असावे. इंजिने मागायला तो अमेरिकेला गेला. जनरल मोटर्सने नकार दिला.

पण माणूस नशिबाचा. त्याच प्रवासात, क्वीन एलिझाबेथ या जहाजावर, त्याची गाठ नॅश-केल्व्हिनेटर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्याशी पडली. मेसन मोटारीही बनवत आणि रेफ्रिजरेटरही. दोघांनाही छायाचित्रणाचा नाद. जेवणाच्या टेबलावर गप्पा सुरू झाल्या आणि जहाज किनाऱ्याला लागेपर्यंत व्यवहाराचा आराखडा तयार झाला. कॅडिलॅक नाही तर नॅश! सहा सिलिंडरचे, ३.८ लिटरचे, ओतीव लोखंडाचे, संसारी मोटारीतले इंजिन. हीलीने त्याला ॲल्युमिनियमचे हेड आणि दोन एसयू कार्ब्युरेटर लावून अंगात थोडा चपळपणा आणला. १९५० च्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ही गाडी चौथी आली. तिच्या पुढे, तिसऱ्या क्रमांकावर, सिडनी अलार्डची गाडी होती आणि तिच्यात इंजिन होते कॅडिलॅकचे. दोन वर्षांनी नॅश-हीली तिसरी आली, दोन मर्सिडीजच्या मागोमाग.

धंद्याचे गणित मात्र अवघड होते. इंजिने विस्कॉन्सिनहून जहाजाने इंग्लंडला यायची, तिथे चौकटीत बसायची, १९५२ पासून पुढे इटलीत तुरिनला पिनिन फारिनाकडे बॉडी चढायची आणि मग तयार गाडी अमेरिकेला परत. इतका प्रवास केल्यावर किंमत सहा हजार डॉलरच्या घरात गेली नसती तरच नवल. १९५४ पर्यंत पाचशेच्या आसपास गाड्या झाल्या आणि प्रकरण मिटले.

मी बँकेत लघुउद्योगांच्या कर्जाचे अर्ज तपासत असे. अर्जदार आपल्या मालाचे गुण सांगताना रंगून जात. माझी नजर मात्र एका रकान्यावर असे. मुख्य भाग कोणाकडून घेणार, आणि त्याने हात आखडला तर पर्याय काय? तो रकाना हीलीने कसा भरला असता, याचे मला कुतूहल वाटते. कारण १९५२ मध्ये त्याने जे केले ते कोणत्याही सावध कर्जअधिकाऱ्याला आवडावे असे होते.

ऑस्टिनने ए-९० अटलांटिक नावाची मोटार अमेरिकेसाठी काढली होती. ती तिथे चालली नाही. तिचे २६६० सीसीचे इंजिन बनवण्याची सगळी सोय कारखान्यात होती, पण त्याला पुरेसे गिऱ्हाईक उरले नव्हते. ९० अश्वशक्ती, म्हणजे रायलीपेक्षा कमीच. पण मुबलक, स्वस्त, आणि जगभर दुरुस्त करता येईल असे. हीलीने ते निवडले आणि त्याच्याभोवती हलकी, बुटकी, देखणी गाडी बांधली. गिअरबॉक्समधला पहिला गिअर या हलक्या गाडीला फारच खालचा पडत होता, तेव्हा तो सरळ बंद करून टाकला आणि उरलेल्या तिन्हींपैकी वरच्या दोन्हींना ओव्हरड्राइव्हची जोड दिली. ऑक्टोबर १९५२ च्या लंडनच्या प्रदर्शनात हीली हंड्रेडभोवती गर्दी लोटली. ताशी शंभर मैल, म्हणून हंड्रेड. ऑस्टिनचे सूत्रधार लेनर्ड लॉर्ड यांनी ती पाहिली आणि प्रदर्शन चालू असतानाच सौदा ठरला. गाडी ऑस्टिन बनवणार, नाव ऑस्टिन-हीली, आणि हीलीला प्रत्येक गाडीमागे रॉयल्टी.

इथून पुढची पंधरा वर्षे वैभवाची. १९५५ साली ल माँला मर्सिडीज एका ऑस्टिन-हीलीवर आदळून प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली, तो काळा डाग सोडला तर. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर अठ्ठावन्न वर्षांच्या हीलीने स्वतः चाक हाती धरून ताशी दोनशे मैलांची वेस ओलांडली.

त्याच वर्षी त्याच्या गाडीचे इंजिन बदलले. ऑस्टिनच्या इतर मोटारींतून जुने चार सिलिंडरचे इंजिन हद्दपार झाले होते. कंपनीला आता सहा सिलिंडरचे सी-सिरीज इंजिन सगळीकडे वापरायचे होते. ते जड होते. कागदावर १०२ अश्वशक्ती, रस्त्यावर गाडी जुनीपेक्षा वेगवान नाहीच! लोकांनी नाके मुरडली. मग सिलिंडर हेड सुधारले, १९५९ मध्ये क्षमता २९१२ सीसी झाली आणि ऑस्टिन-हीली ३००० जन्मली. बसणाऱ्याचे पाय भाजायचे, सायलेन्सर रस्त्याला घासायचा. तरी १९६० ची लिएज-रोम-लिएज रॅली पॅट मॉसने याच गाडीतून जिंकली. सगळ्या प्रकारांच्या मिळून सत्तर हजारांहून अधिक मोठ्या हीली झाल्या.

१ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत धुराचे आणि सुरक्षिततेचे नवे नियम लागू होणार होते. गाडी लांबीत मधोमध कापून सहा इंच रुंद करायची आणि रोल्स-रॉइसचे चार लिटरचे इंजिन बसवायचे, असा एक प्रयत्न झाला. तेही अपेक्षेइतके न खपलेल्या एका मोटारीतले! नमुने तयार झाले आणि वरून नकार आला. एमजीच्या गाडीला हीलीचे बिल्ले लावून विकावी असाही प्रस्ताव होता. तो बापलेकांनी, डोनाल्ड आणि जेफ्री हीलींनी, नाकारला. मला तो मुद्दा मोलाचा वाटतो. उसने इंजिन चालेल, उसनी गाडी नाही.

सत्तरी ओलांडल्यावर त्याने पुन्हा डाव मांडला. हीलीच्या बॉड्या बनवणाऱ्या जेन्सन कंपनीचे काम गेले होते. कॅलिफोर्नियातला मोटारविक्रेता शेल क्वाले याने ती घेतली आणि हीलीला अध्यक्ष केले. नवी गाडी ठरली, इंजिन कोणते? व्हॉक्सहॉलचे २.३ लिटरचे बसवून पाहिले, पण अमेरिकन नियमांत बसवल्यावर हवी तितकी शक्ती मिळेना. (ज्या व्हॉक्सहॉल मोटारींत हे इंजिन असे, त्यांच्यातल्या एकीची बॉडी पुढे हिंदुस्थान मोटर्सने काँटेसा म्हणून आणली, इंजिन मात्र आधी अ‍ॅम्बेसेडरचे आणि मग इसुझूचे.) जर्मन फोर्डचे व्ही-सहा पाहिले, तर संपांमुळे पुरवठ्याचा भरवसा नाही. बीएमडब्ल्यूला हवी तेवढी इंजिने देणे शक्य नव्हते. शेवटी लोटसच्या कॉलिन चॅपमनने आपले नवेकोरे दोन लिटरचे, सोळा व्हॉल्व्हचे ९०७ इंजिन देऊ केले. हलके, १४० च्या आसपास अश्वशक्ती. आकड्यांनी पाहिले तर हीलीच्या हाती आलेले सर्वांत आधुनिक इंजिन.

पण ते तोवर विकल्या गेलेल्या कोणत्याही गाडीत चाललेले नव्हते. लोटसने स्वतःच्या एलीट गाडीत ते आणले १९७४ मध्ये. जेन्सन-हीली रस्त्यावर आली १९७२ मध्ये. म्हणजे नव्या इंजिनाचे बाळरोग जेन्सनच्या गिऱ्हाइकांनी काढले. तेलगळतीच्या तक्रारी सुरू झाल्या आणि त्यांचा वाईटपणा इंजिनावर नाही, गाडीवर आला. ऑस्टिनच्या ओबडधोबड इंजिनाने जे कमावून दिले होते ते या हुशार इंजिनाने खर्ची घातले. हीली बाजूला झाला. पुढच्या जेन्सन जीटी गाडीवर त्याचे नाव नव्हते. सुमारे दहा हजार जेन्सन-हीली बनल्या आणि १९७६ मध्ये कारखान्याला कुलूप लागले.

जानेवारी १९८८ मध्ये कॉर्नवॉलमध्येच, एकोणनव्वदाव्या वर्षी, डोनाल्ड हीली गेला. ९०७ च्या घराण्यातले इंजिन तेव्हाही लोटसच्या नव्या एस्प्रिट गाड्यांत बसत होते.