स्लाइडपासून गटारापर्यंत

घरात कुणाची गाठ काढली, की ती तपासायला लॅबमध्ये जाते आणि रिपोर्ट येईपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. लॅबमध्ये नेमकं होतं काय? त्या ऊतीचा अगदी पातळ काप घेऊन, रंगवून काचेच्या स्लाइडवर ठेवतात आणि पॅथॉलॉजिस्ट तो मायक्रोस्कोपखाली बघतो. आजार पेशींमध्ये शोधायचा, ही सवय डॉक्टरांना लावण्यात सगळ्यात मोठा वाटा होता रुडॉल्फ विर्शोचा. बायोलॉजीच्या पुस्तकात हा माणूस एका ओळीत उरकतो. पण त्याची गोष्ट त्या ओळीपेक्षा खूप मोठी आहे.

जन्म १३ ऑक्टोबर १८२१, प्रशियातल्या एका छोट्या गावातला. घरची परिस्थिती बेताची. लष्कराच्या मेडिकल शिक्षणसंस्थेत मोफत शिकायला मिळालं, म्हणून तो बर्लिनला आला. १८४५ मध्ये, चोविसाव्या वर्षीच, त्यानं पांढऱ्या पेशींनी भरलेल्या रक्ताची एक केस प्रसिद्ध केली. पुढे त्या आजाराला त्यानंच ल्युकेमिया हे नाव दिलं.

१८४८ च्या सुरुवातीला अप्पर सिलेशियात टायफसची साथ आली आणि सरकारनं विर्शोला पाहणीसाठी पाठवलं. तिथं त्याला दिसली उपासमार, अंधारी कोंदट घरं आणि सरकारनं वाऱ्यावर सोडलेली माणसं. त्यानं रिपोर्टमध्ये औषधांची यादी दिली नाही. शिक्षण द्या, रस्ते बांधा, लोकांना कारभारात हक्क द्या, करांचा बोजा गरिबांवरून काढा, असं त्यानं थेट सरकारलाच सुनावलं. वय फक्त २६! मार्चमध्ये बर्लिनमध्ये क्रांती पेटली, तेव्हा हा पठ्ठ्या बॅरिकेडवर हजर. या राजकारणापायी १८४९ मध्ये त्याला बर्लिन सोडावं लागलं.

वुर्झबुर्गला प्रोफेसर म्हणून तो मायक्रोस्कोपला चिकटून राहिला. पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हा विचार रॉबर्ट रेमाकनं त्याच्या आधी मांडला होता. विर्शोनं तो आजारांना लावला. कॅन्सर बाहेरून आत घुसत नाही, आपल्याच पेशी बिघडतात, हे समजायला इथून वाट मिळाली. १८५६ मध्ये तो सन्मानानं बर्लिनला परतला आणि १८५८ मध्ये त्याचं ‘सेल्युलर पॅथॉलॉजी’ हे पुस्तक आलं.

मग आली सगळ्यात कठीण केस. १८८७ मध्ये युवराज फ्रेडरिकच्या घशात गाठ झाली. तिचे तुकडे विर्शोकडे आले. त्यात त्याला कॅन्सर दिसला नाही. पण या तुकड्यांवरून अख्ख्या आजाराचा निकाल देता येत नाही, असंही त्यानं नोंदवलं. मोठं ऑपरेशन टळलं. प्रत्यक्षात तो कॅन्सरच होता. फ्रेडरिक सम्राट झाला आणि अवघ्या ९९ दिवसांत, १५ जून १८८८ ला गेला. स्लाइड खोटं बोलत नाही, पण ती तेवढ्या तुकड्यापुरतंच बोलते. बायोप्सी कुठून घेतली, हे डॉक्टर आजही म्हणूनच इतकं जपतात.

विर्शो सगळीकडे बरोबर नव्हता. हात धुण्याचा आग्रह धरणाऱ्या सेमेलवाइसचं म्हणणं त्यानं धुडकावलं. जंतूंमुळेच आजार होतो, हेही त्याला सहजी पटलं नाही. पण हाच माणूस १८५९ पासून मरेपर्यंत बर्लिनच्या नगरपरिषदेत होता. जेम्स होब्रेख्त या इंजिनिअरच्या आराखड्यानुसार शहरात भुयारी गटारं व्हावीत, म्हणून त्यानं जोर लावला. पार्लमेंटमध्ये तो बिस्मार्कला इतका नडला, की बिस्मार्कनं त्याला द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. त्यानं ते नाकारलं.

जानेवारी १९०२ मध्ये ट्रॅममधून उतरताना तो पडला, मांडीचं हाड मोडलं आणि ५ सप्टेंबरला तो गेला. वय ८०. मेडिकलला जाणाऱ्यांना तो स्लाइडवर भेटेलच. बाकीच्यांनी त्याला आपल्या वॉर्डातल्या तुंबलेल्या गटारापाशी आठवावं. त्याच्या लेखी दोन्ही कामं डॉक्टरचीच होती.