मुकुट उचलणारी एलन

लंडनच्या टेट गॅलरीतली चित्रं कधी ऑनलाइन चाळलीत, तर एका चित्रापाशी तुमचं बोट थांबेलच. हिरव्या-निळ्या झगमगत्या पोशाखातली बाई, लांबच लांब लालसर वेण्या आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलेला मुकुट. ही शेक्सपिअरची लेडी मॅक्बेथ. साकारणारी एलन टेरी, चित्रकार जॉन सिंगर सार्जंट, साल १८८९.

पण मुकुटाआधीची गोष्ट ऐका. एलनचा जन्म १८४७चा, नटांच्या घरातला. नऊ वर्षांची असतानाच ती रंगमंचावर आली. सोळाव्या वर्षी, म्हणजे आपण अकरावीत असतो त्या वयात, तिचं लग्न झालं. नवरा चित्रकार जॉर्ज वॉट्स, वय सेहेचाळीस! त्यानेही तिचं चित्र काढलं. त्यात ती फुलाचा वास घेणारी कोवळी मुलगी आहे. चित्राचं नाव 'चूझिंग', म्हणजे निवड. तिला खरंच कितीशी निवड होती, तुम्हीच ठरवा. संसार वर्षभरही टिकला नाही.

पुढे ती एडवर्ड गॉडविन या आर्किटेक्टबरोबर लग्नाशिवाय राहिली. दोन मुलं झाली. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये हे केवढं धाडस, विचार करा! त्या काळात सहा वर्षं नाटक सुटलं. पैशांची चणचण भासू लागली, तेव्हा १८७४मध्ये तिने कमबॅक केला. १८७८पासून ती हेन्री आयर्व्हिंगच्या लायसियम थिएटरची मुख्य नायिका झाली.

डिसेंबर १८८८मध्ये तिथे 'मॅक्बेथ' आलं. लेडी मॅक्बेथ म्हणजे क्रूर बाई, हे लोकांच्या डोक्यात पक्कं होतं. एलनला मात्र तिच्यात नवऱ्यावर जीव टाकणारी बायको दिसली. समीक्षकांचं यावर एकमत झालं नाही. पोशाखाने मात्र सगळ्यांचे डोळे दिपले, कारण त्यावर भुंगेऱ्यांचे शेकडो चमकदार पंख शिवले होते! सार्जंट पहिल्याच प्रयोगाला हजर होता. त्याने तिला रंगवायचंच ठरवलं.

गंमत म्हणजे, लेडी मॅक्बेथ स्वतःच्या हाताने मुकुट चढवते असा प्रसंग नाटकात नाहीच. तो चित्रातच घडतो.

एलन १९२८मध्ये गेली. तो पोशाख आजही केंटमधल्या तिच्या घरात जपलाय. तुम्ही एक करा. दोन्ही चित्रं स्क्रीनवर शेजारी ठेवा. आधी फूल धरलेला हात बघा, मग मुकुट धरलेले हात. मधली पंचवीस वर्षं आपोआप दिसतील.